घरी ॲक्सल बांधताना मोजमाप वगळू नका

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत खडतर वाटांवर चालणाऱ्या गाडीसाठी जड ॲक्सल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांकडे नेणारा आडवा दांडा आणि त्याचे हाउसिंग, घरच्या घरी नव्याने कसा बांधावा, हे सांगणारा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर असे काम घरी करणे हाच अविचार आहे, असे म्हणणारे एका वाचकाचे पत्रही आले. दोन्ही मी लक्षपूर्वक वाचले. गेली पंधरा वर्षे मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांचे ॲक्सल घरामागच्या शेडमध्ये उघडत आणि जोडत आलो आहे, त्यामुळे दोघांनाही काही सांगावेसे वाटते. हे काम घरी होऊ शकते आणि उत्तम होऊ शकते, पण ते मापून करावे लागते. आणि नेमके मोजमापच त्या लेखात गाळले गेले आहे. नवा क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधले मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारे छोटे) बसवताना जुन्या शिमा, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, जशाच्या तशा परत घालाव्यात आणि पिनियनचा नट पूर्ण ताकदीने आवळावा, एवढ्यावर लेख थांबतो. या दोन सूचनांवर विसंबून कोणी काम केले तर त्याचे पैसे तर वाया जातीलच, पण तीव्र उतारावर पिनियन जाम होऊन चाके जागीच थांबली तर जिवावरही बेतेल.

मुळात एवढा जड ॲक्सल लागतो कशाला, हे समजले की मोजमापाचा आग्रह का धरायचा तेही समजते. ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन घेतले, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे २.५ आणि ॲक्सलचे ४ धरले, तर घर्षणातील तूट सोडून चाकांकडे १२,००० न्यूटन-मीटर टॉर्क निघतो. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, लॉक केलेला असेल आणि एक चाक दोन खडकांच्या फटीत रुतून बसले असेल, तर त्यातला मोठा हिस्सा एकाच शाफ्टवर आणि क्राऊनच्या दोन-तीन दातांवर येऊन पडतो. म्हणूनच अशा गाड्यांचे मालक मोठ्या क्राऊनचे ॲक्सल शोधतात. डाना ४४ च्या क्राऊनचा व्यास ८.५ इंच, डाना ६० चा ९.७५ इंच आणि जनरल मोटर्सच्या चौदा बोल्टच्या फुल-फ्लोटिंग ॲक्सलचा १०.५ इंच असतो. आकडे जवळजवळचे वाटतात, पण व्यासाबरोबर दाताची रुंदी, पिनियनच्या दांड्याची जाडी आणि बेअरिंगचा आकारही वाढत जातो, त्यामुळे ताकदीतला फरक पुष्कळ मोठा पडतो.

फुल-फ्लोटिंग या शब्दाचा अर्थ लेखात दिलेला नाही, तो द्यायला हवा होता. सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्टच गाडीचे वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. तो तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर येऊ शकते. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हबमधील दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर आणि त्यांच्या आतल्या स्पिंडलवर असते, शाफ्टला फक्त पीळ सोसायचा असतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते आणि तो बाहेर ओढून काढून, तोंड झाकून, उरलेल्या ॲक्सलच्या जोरावर गाडी हळूहळू परत आणता येते. वस्तीपासून लांब गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला हा फरक फार मोलाचा आहे.

आता उघडण्याविषयी. डिफरन्शियलच्या पिंजऱ्याला, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो त्या भागाला, दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन बेअरिंग कॅप असतात. कारखान्यात या कॅप हाउसिंगला बोल्टने कसून, दोन्ही मिळून एकदाच बोअर केलेल्या असतात, म्हणून डावी कॅप उजवीकडे किंवा उलटी बसवली तर बेअरिंगभोवतीचे वर्तुळ नीट जुळत नाही. कॅप सोडवण्यापूर्वी पंचने डाव्या कॅपवर आणि तिच्या शेजारी हाउसिंगवर एक टिंब, उजवीकडे दोन टिंबे उठवावीत. हे काम अर्ध्या मिनिटाचे असते. ते राहून गेले तर नंतर कोणतेही हत्यार ती चूक भरून काढत नाही. त्याच वेळी निघालेल्या प्रत्येक शिमेची जाडी मायक्रोमीटरने मोजून, ती कोणत्या बाजूची होती हे वहीत लिहून ठेवावे. जुन्या क्राऊन-पिनियनचा बॅकलॅशही, म्हणजे दातांमधली मोकळीक, उघडण्याआधी मोजून ठेवावा, कारण बिघाड नेमका कशामुळे झाला याचा माग पुष्कळदा त्या आकड्यातून लागतो.

जुन्या शिमांचा उपयोग इथे असतो. त्या सुरुवातीचा अंदाज देतात, यापलीकडे त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांबरोबर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच जोड क्रमांक असतो आणि एका संचाचा पिनियन दुसऱ्या संचाच्या क्राऊनला चालत नाही. प्रत्येक संच क्राऊनच्या मध्यरेषेपासून नेमक्या किती अंतरावर सर्वांत शांत चालतो, यात सूक्ष्म फरक असतो. काही उत्पादक हा फरक पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्ह लावून इंचाच्या हजारांश भागांत कोरतात. जुन्या पिनियनवर शून्य आणि नव्यावर अधिक ३ असेल, तर नव्या पिनियनखाली शिम तीन हजारांश इंचाने, कारखान्यातल्या बोलीत तीन थाऊने, कमी घालून सुरुवात करायची. त्यात नवे बेअरिंग जुन्याहून किंचित कमी-जास्त उंचीचे निघाले तर हिशेब आणखी बदलतो. जुनी शिम तशीच घाला असे सांगणे म्हणजे हे सगळे फरक योगायोगाने एकमेकांना रद्द करतील, यावर ॲक्सल सोपवणे आहे.

खरा निवाडा दातांवरचा ठसा करतो. या कामात मला सर्वांत अधिक गोडी इथेच वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. क्राऊनचे चार-पाच दात कापडाने अगदी कोरडे पुसायचे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगाचे मार्किंग कंपाउंड पातळ, सारखे लावायचे. मग क्राऊनला लाकडी ठोकळ्याने अडवून, म्हणजे त्याच्यावर थोडा भार ठेवून, पिनियन पान्याने दोन्ही दिशांना फिरवायचा, जेणेकरून रंगवलेले दात पिनियनच्या खालून चार-पाच वेळा येऊन जातील. भार न ठेवता फिरवले तर ठसा फिका आणि फसवा उठतो. नीट उठलेला ठसा पाहण्यासारखा असतो: पिवळ्या थराच्या मधोमध रंग बाजूला सरून राखाडी पोलाद उघडे पडते आणि त्या डागाची कड सगळीकडून हळूहळू विरत गेलेली दिसते. ठसा दाताच्या मुळाकडे सरकलेला असेल तर पिनियन प्रमाणाबाहेर आत गेला आहे, त्याच्या खोलीची शिम पातळ करावी लागते. ठसा दाताच्या टोकाकडे चढलेला असेल तर पिनियन बाहेर राहिला आहे, शिम जाड करावी लागते. ठशाची कड एका बाजूला सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण दिसली की समजावे, दात पूर्ण रुंदीने टेकत नाही आणि भार आला की तिथेच झिजणार.

लेखकाने या ठशाचा उल्लेख 'हवे असल्यास तपासावे' अशा अर्थाने एका ओळीत केला आहे. मला वाटते हे अगदी उलटे झाले. माझ्या अनुभवात एकही संच पहिल्याच शिमेवर बरोबर बसलेला नाही. तीन-चार वेळा पिनियन काढून पुन्हा बसवावा लागतो आणि प्रत्येक वेळी बेअरिंग प्रेसने काढावे लागते. यावर जुना, सोपा उपाय आहे. त्याच मापाच्या एका जुन्या, पण न झिजलेल्या बेअरिंगचे भोक आतून घासून ते हाताने सरकेल इतके सैल करून ठेवायचे. जुळणी त्या सैल बेअरिंगवर करायची आणि ठसा मनासारखा आला की नवे बेअरिंग प्रेसने कायमचे बसवायचे. नव्या बेअरिंगची उंची जुन्याशी मोजून पडताळायला मात्र विसरू नये, आणि नवे बसवल्यावर ठसा पुन्हा एकदा घ्यावा.

ठसा वाचताना नवशिक्यांचा गोंधळ उडतो तो खोली आणि बॅकलॅश या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे. पिनियन आत घेतला की बॅकलॅश कमी होतो, बाहेर काढला की वाढतो. म्हणून पिनियनची शिम बदलली की दर वेळी क्राऊन डावी-उजवीकडे सरकवून बॅकलॅश पुन्हा मर्यादेत आणायचा आणि त्यानंतरच पुढचा ठसा घ्यायचा. आधी खोली ठरवावी, मग बॅकलॅश, हा क्रम सोडू नये. बॅकलॅश डायल गेजने, गेजची सुई क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवून मोजतात. अशा आकाराच्या बहुतेक संचांना तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे सहा ते दहा थाऊ इतका लागतो, तरी संचासोबत आलेल्या कागदावरचा आकडाच प्रमाण मानावा. क्राऊनच्या परिघावर तीन-चार ठिकाणी मोजून आकड्यांत दोन-तीन थाऊंपेक्षा जास्त फरक पडला, तर क्राऊन पिंजऱ्यावर वाकडा बसला आहे. बहुधा त्याखाली एखादा कचऱ्याचा कण किंवा बोल्टच्या भोकाभोवती उठलेली कड राहिलेली असते. असे झाले तर क्राऊन काढून, बैठक कानशीने हलकेच साफ करून, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा कसावेत.

'ताकदीने आवळा' या दुसऱ्या सूचनेकडे वळतो. यात मी स्वतः पोळलो आहे. पिनियन दोन निमुळत्या बेअरिंगांवर फिरतो आणि त्या दोहोंवर ठरावीक दाब, म्हणजे प्रीलोड, ठेवावा लागतो. काही ॲक्सलमध्ये, उदाहरणार्थ डाना ६० मध्ये, हा दाब शिमांनी ठरतो आणि नट ठरलेल्या टॉर्कला, सुमारे ३४० ते ३६५ न्यूटन-मीटरला, निःशंकपणे कसता येतो. इतर काहींमध्ये, चौदा बोल्टच्या ॲक्सलमध्येही, दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ पोलादी नळी असते, जिला क्रश स्लीव्ह म्हणतात. नट आवळताना ती चेपत जाते आणि ती जितकी चेपेल तितका दाब वाढतो. एकदा चेपलेली नळी परत लांब होत नाही.

मी बांधलेल्या पहिल्या ॲक्सलमध्ये अशीच नळी होती. नट हलेना म्हणून पान्याला लांब पाइप लावला आणि एका जोरात तो हवा त्यापेक्षा थोडा पुढे गेला. पिनियन हाताने फिरवून पाहिला तर चांगलाच जड लागत होता. नवी नळी आणायचा कंटाळा करून मी नट किंचित मागे घेतला. पिनियन पुन्हा हलका फिरू लागला, आकडाही बरोबर आला आणि मी समाधानाने कव्हर बंद केले. काही शे किलोमीटरनंतर पिनियनच्या सीलमधून तेल पाझरू लागले. मी सील बदलले. नंतर ॲक्सिलेटर सोडला की मागून बारीक कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. शेवटी प्रॉपेलर शाफ्ट ज्याला जोडतात ते पिनियनच्या टोकाचे योक हातात धरून वर-खाली हलवले तर ते टकटक वाजले. उघडून पाहिले तेव्हा आतल्या बेअरिंगच्या धावेवरून नखाएवढ्या खपल्या उडालेल्या होत्या, तेलात चंदेरी भुकटी तरंगत होती आणि दातांवरचा घासलेला पट्टा मधून निसटून एका कडेला गेलेला होता. बेअरिंग गेले आणि नवाकोरा क्राऊन-पिनियन टाकून द्यावा लागला. नट मागे घेतल्यावर नळीवरचा ताण संपतो, बेअरिंगच्या आतल्या कड्या दांड्यावर घट्ट राहत नाहीत आणि भार आला की पिनियन पुढे-मागे सरकतो, हे मला तेव्हा कळले. हाताला बरोबर लागलेला दाब खोटा होता. नट पुढे गेला की नळी नवीच घालावी लागते, याला दुसरा पर्याय नाही.

प्रीलोड मोजायला महागडे हत्यारही लागत नाही. नव्या बेअरिंगांना या आकारात साधारण २.३ ते ४.५ न्यूटन-मीटरचा फिरता टॉर्क लागतो, वापरलेल्या बेअरिंगांना त्याच्या निम्मा. पिनियनच्या योकवर दोरी गुंडाळून तिच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावावा आणि सावकाश, एकसारखे ओढावे. दोरी मध्यापासून ५ सेंटीमीटरवर असेल तर ३ न्यूटन-मीटरसाठी काट्यावर सुमारे ६ किलो दिसायला हवेत. पिनियन फिरायला लागताना क्षणभर दिसणारा मोठा आकडा सोडून द्यायचा आणि तो फिरत असताना स्थिर राहणारा आकडा घ्यायचा. बेअरिंगांना आधी तेल लावलेले असावे आणि हे मोजमाप डिफरन्शियलचा पिंजरा बसवण्याआधी करावे, नाहीतर क्राऊनचे ओझेही त्यात मिसळते. नट शेवटी शेवटी अगदी थोडा-थोडा, पान्याच्या बोटभर हालचालीने आवळावा आणि प्रत्येक वेळी काटा लावून पाहावा, कारण नळी चेपू लागली की आकडा झपाट्याने चढतो.

घरी काम करणे हाच अविचार, असे म्हणणाऱ्या वाचकांना मी याच अनुभवाच्या आधारे उत्तर देऊ इच्छितो. माझी चूक घरात झाली म्हणून झाली नाही. मोजलेला आकडा कशामुळे आला हे मी विचारात घेतले नाही म्हणून झाली. घाईत असलेल्या पगारी कारागिराच्या हातूनही ती होऊ शकते. घरी काम करणाऱ्याकडे एक गोष्ट निश्चित जास्त असते, ती म्हणजे वेळ. ठसा पटला नाही तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पिनियन काढू शकतो, कारण कोणी त्याच्यामागे गाडीसाठी ताटकळत उभे नसते.

तरीही काही कामे घराबाहेर द्यावीत असे माझे ठाम मत आहे. या ॲक्सलचा मधला गोळा बिडाचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंनी पोलादी नळ्या दाबून बसवून भोकांतून वेल्ड केलेल्या असतात. खडतर वाटेवर नळी गोळ्यात फिरू नये म्हणून अनेकजण तिचा सांधा सगळीकडून वेल्ड करतात. बीड आणि पोलाद यांचा हा सांधा थंड धातूवर साध्या कांडीने केला तर बिडात वेल्डलगत तडा जातो. त्याला आधी सारखी उष्णता द्यावी लागते, निकेलची कांडी वापरावी लागते, थोडे-थोडे टाके आलटून-पालटून घालावे लागतात आणि नंतर गोळा झाकून अगदी सावकाश थंड होऊ द्यावा लागतो. ज्याचा हात या कामावर बसलेला आहे त्याच्याकडेच ते सोपवावे. स्प्रिंगच्या बैठका आणि लिंकचे ब्रॅकेट घरी वेल्ड करता येतात, पण तिथेही एका बाजूला सलग उष्णता गेली तर नळी केळ्यासारखी वाकते आणि मग चाके सरळ राहत नाहीत, शाफ्टच्या टोकाच्या खाचा (स्प्लाइन) एका बाजूने झिजतात, सीलही टिकत नाही. म्हणून सर्व वेल्डिंग क्राऊन-पिनियन बसवण्याआधी उरकावे. ते नंतर करावे लागलेच, तर वेल्डिंगची अर्थ क्लँप वेल्डच्या अगदी शेजारी लावावी. वीज बेअरिंगांतून गेली तर रोलर आणि धाव यांच्यात ठिणग्या पडून बारीक खड्डे होतात आणि बेअरिंग नवे असूनही घरघरू लागते. नळी वाकलेली आहे हे कळले, तर ती सरळ करण्याचे कामही लांब बार आणि प्रेस असलेल्या माणसाकडेच न्यावे.

पुढच्या ॲक्सलबद्दल दोन गोष्टी थोडक्यात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची गुणोत्तरे जुळलीच पाहिजेत. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर ४.१०, ४३ आणि ८ असतील तर ५.३८, कव्हर उघडून दात मोजावेत, बाहेरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, कारण मधल्या काळात संच बदललेला असू शकतो. एक ॲक्सल ४.१० आणि दुसरा ४.५६ असेल तर चारही चाके जोडली की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि सर्वांत कमजोर दुवा तुटतो. दुसरे असे की डाना ६० मध्ये ४.१० पर्यंतच्या आणि ४.५६ पासून पुढच्या संचांना वेगळा पिंजरा लागतो. गुणोत्तर बदलायचे ठरवल्यावर हे लक्षात आले नाही तर सगळे सुटे भाग समोर मांडूनही काम अडते. किंगपिन, यू-जॉइंट आणि हबची बेअरिंग यांचे काम तुलनेने सरळ आहे, त्यात स्वच्छता आणि योग्य ग्रीस सांभाळले की पुरते.

पाण्याचा विषय लेखात अजिबात नव्हता. पाण्यातून गाडी काढणाऱ्यांचे ॲक्सल दात तुटण्यापेक्षा पाणी शिरल्यामुळेच अधिक बिघडलेले मी पाहिले आहेत. चालून तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. हाउसिंगवरचा श्वासमार्ग, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेला किंवा पाण्याखाली असेल, तर ती सीलच्या ओठांमधून किंवा ब्रीदरमधूनच पाणी खेचते. तेल दुधाळ होते, बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पडतात आणि काही आठवड्यांनी आवाज सुरू होतो. ॲक्सल बांधताना ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक इंजिनाच्या खोलीत किंवा बॉडीत उंचावर नेऊन ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि प्रत्येक खोल पाण्यानंतर तेलाचा प्लग उघडून रंग पाहणे पाच मिनिटांचे.

तेलाचेही असेच आहे. या ॲक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात त्यापेक्षा अधिक घसरतात. ही घसरण सोसायला जीएल-५ दर्जाचे, उच्च दाब पेलणारे तेल लागते; साधे तेल दातांच्या मध्ये टिकत नाही. क्लचच्या चकत्यांचे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असेल तर त्यासाठीचे वेगळे मिश्रण घालावे, नाहीतर वळणावर चकत्या अडखळत सुटतात. बांधून झाल्यावर गाडी लगेच डोंगरावर न्यायची असे लेखकाने सुचवले आहे, ते कृपया कोणी करू नये. नव्या दातांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसत असताना फार उष्णता तयार होते. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर हलक्या भाराने चालवून ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा, असे दोन-तीनदा करावे, पहिले ८०० किलोमीटर ओढकाम आणि लॉक लावून चढाई टाळावी आणि त्यानंतर तेल बदलावे. त्या तेलात थोडी राखाडी भुकटी दिसणे स्वाभाविक आहे, बोटांना टोचणारे कण मात्र दिसता कामा नयेत.

सुरक्षिततेबद्दल लेखातली चित्रे पाहून मला खरोखर काळजी वाटली. एका चित्रात गाडी फक्त जॅकवर आहे आणि माणूस खाली आहे. पूर्ण जोडलेला जड ॲक्सल दोनशे किलोंच्या पुढे जातो. तो गाडीखालून काढताना गाडी चेसिसखाली घोड्यांवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, असावी, ॲक्सल चाके लावलेल्या जॅकवर असावा आणि मदतीला दुसरा माणूस असावा. बेअरिंगच्या कठीण पोलादी कड्यांवर साध्या हातोड्याने घाव घालू नये, त्यांचा तुकडा गोळीसारखा उडतो; पितळी दांडा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवण्याची सवय तर कायमची सोडून द्यावी. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ती ओल्या कापडाने पुसून घ्यावी.

माझी आपल्याला विनंती आहे की या लेखाची दुरुस्ती पुरवणीच्या पुढच्या अंकात प्रसिद्ध करावी. त्यात शिमा, ठसा, बॅकलॅश आणि प्रीलोड यांच्याविषयीचा भाग नव्याने लिहून घ्यावा, प्रत्येक ॲक्सलसाठी उत्पादकाचे आकडेच पाहावेत हे ठळकपणे सांगावे आणि जॅकवरच्या गाडीखाली काम करतानाचे चित्र काढून टाकावे. बरोबर आणि चुकीच्या ठशांची छायाचित्रे हवी असल्यास माझ्या वहीला जोडलेली, दर वेळी तारखेसह घेतलेली छायाचित्रे मी आनंदाने पाठवीन. त्यात खपल्या उडालेल्या त्या पहिल्या बेअरिंगचेही छायाचित्र आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक